काळ्या पट्ट्यांची गोष्ट: स्क्रीन भरायची की चित्र पूर्ण बघायचं?

फोन आडवा धरून सिनेमा लावला की कडेला काळ्या पट्ट्या दिसतात. लगेच दोन बोटं फाकतात, झूम होतं, आणि स्क्रीन भरते. हे करताना आपण काय कापून टाकतो, आजचा भाग त्याबद्दल. या भांडणाला सत्तर वर्षं झालीत, बरं का.

आधी मूळ चौकट कुठून आली ते बघू. १८९० च्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली आणि एका फ्रेमला कडेची चार छिद्रं दिली. त्यातून आकार आला ४:३. म्हणजे रुंदी चार भाग, उंची तीन भाग. पुढे हाच आकार जगभर रुळला. बोलपट आल्यावर फिल्मवर आवाजाच्या पट्टीला जागा द्यावी लागली, म्हणून १९३२ मध्ये हॉलिवूडने १.३७:१ हे प्रमाण ठरवलं. म्हणजे जवळपास तेच. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' याच जमान्यातला.

मग टीव्ही आला, आणि त्याने सिनेमाचाच ४:३ आकार उचलला. अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले, थिएटरं रिकामी पडायला लागली. हॉलिवूडपुढे प्रश्न होता: घरात मिळत नाही असं काय द्यायचं? त्यांचं उत्तर होतं रुंदी. १९५२ मध्ये 'धिस इज सिनेरामा' तीन प्रोजेक्टर लावून वक्र पडद्यावर दाखवला. १९५३ मध्ये सिनेमास्कोपमधला 'द रोब' आला. सिनेमास्कोपची युक्ती इंजिनिअर लोकांना आवडेल अशी आहे. कॅमेऱ्याचं भिंग चित्र आडवं दाबून साध्याच फिल्मवर बसवतं, आणि प्रोजेक्टरचं भिंग ते परत पसरवतं. सरळ सरळ कॉम्प्रेस-डीकॉम्प्रेस! आपल्याकडे गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' हा १९५९ चा सिनेमा भारतातला पहिला सिनेमास्कोप.

आता गंमत बघा. रुंद पडदा जन्मला टीव्हीशी भांडायला, आणि थोड्याच वर्षांत त्याला टीव्हीच्याच घरी राहायला जावं लागलं. १९६१ मध्ये एनबीसी वाहिनीने शनिवार रात्रीचे सिनेमे सुरू केले, आणि पहिलाच सिनेमा होता सिनेमास्कोपमधला 'हाउ टू मॅरी अ मिलियनेअर'. २.३५:१ च्या आसपासचं लांबलचक चित्र ४:३ च्या डब्यात मावणार कसं?

दोन उपाय होते. एक, चित्र पूर्ण दाखवा आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोडा. हे वाइडस्क्रीन. दुसरा, उंची पूर्ण भरा आणि बाजू कापा. हे फुलस्क्रीन. गणित करून बघा: १.३३ भागिले २.३५ म्हणजे साधारण ०.५७. दुसऱ्या उपायात ४३ टक्के चित्र गायब! टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसं बोलत असतील, तर एक जण फक्त ऐकू येणार. म्हणून कुणीतरी तंत्रज्ञ बसून चौकट इकडून तिकडे सरकवायचा. म्हणजे दिग्दर्शकाने कधी न केलेली कॅमेऱ्याची हालचाल सिनेमात घुसायची.

दिग्दर्शक चिडले. वुडी ॲलनने 'मॅनहॅटन' घरच्या व्हिडिओवरही पट्ट्यांसकटच दाखवायला लावला. सिडनी पोलॅक तर कोर्टात गेला. त्याचा 'थ्री डेज ऑफ द काँडोर' १९९१ मध्ये डेन्मार्कच्या टीव्हीने कापून दाखवला होता. १९९७ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की ही कलाकृतीची मोडतोडच आहे. पण पोलॅक केस हरला.

पण फुलस्क्रीनवाल्यांना मूर्ख समजू नका. तेव्हाचा २१ इंची टीव्ही घ्या. पडद्याची उंची साडेबारा इंच. त्यावर सिनेमास्कोप पूर्ण दाखवला तर चित्र उरतं जेमतेम सात इंच उंच. पलंगावरून चेहरेसुद्धा ओळखू येणार नाहीत. पैसे पूर्ण टीव्हीचे दिले आणि सिनेमा अर्ध्याच टीव्हीवर, ही तक्रार खरीच होती. म्हणून १९९७ नंतर अमेरिकेत डीव्हीडी आल्या तेव्हा एकाच सिनेमाच्या वाइड आणि फुल अशा दोन वेगळ्या डिस्क विकल्या जायच्या.

हा गुंता सोडवायला १६:९ आलं. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने प्रचलित आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत कापून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावणारा आयत निघाला साधारण १.७७:१, म्हणजेच १६:९. १.३३ आणि २.३५ चा भूमितीय मध्यही तोच येतो. थोडक्यात, पट्ट्या सगळ्यांनाच, पण थोड्या-थोड्या.

भांडण मिटायला हवं होतं ना? ते फक्त उलटं झालं. आता रुंद स्क्रीन 'फुल' झाली आणि जुनी ४:३ चित्रं कापली जायला लागली. २०१९ मध्ये डिझ्नी प्लसवर 'द सिम्पसन्स'चे जुने भाग वर-खाली कापून आले. एका विनोदात तीन वेगवेगळ्या बिअर एकाच पाइपमधून येतात, आणि नेमका तो पाइपच कापला गेला! लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला.

आपल्या हातातला फोन तर बहुतेकदा २०:९ असतो. त्यावर ४:३ सिनेमा झूम करून भरला तर ४० टक्के चित्र गेलं. वरून कपाळ, खालून हात. इंटरनेटवर जुने मराठी सिनेमे शोधा, कितीतरी प्रती अशाच कापलेल्या किंवा ताणलेल्या सापडतील, ज्यात सडपातळ नायकही गोलमटोल दिसतो. ज्याने तो सिनेमा आधी कधीच पाहिला नाही, त्याच्यासाठी तोच खरा सिनेमा ठरतो. आपलं काय गेलं, हे त्याला कळायलाही मार्ग नाही. पडद्यावरची चौकट कापली गेली की ती कापल्याची खूणसुद्धा दिसत नाही.

काळी पट्टी मात्र प्रामाणिक असते. ती सांगते की चित्र इथे संपतं, पुढे काही नव्हतंच. म्हणून छोट्या स्क्रीनवर झूम करायचं असेल तर खुशाल करा, फोन तुमचा आहे. पण सिनेमा दुसऱ्यांसाठी अपलोड करत असाल, तर तो मूळ आकारातच ठेवा. बघणाऱ्याला झूम करता येतं, कापलेलं परत जोडता येत नाही.

तुमच्या घरी टीव्हीची सेटिंग कोणती आहे, ते आज जरा बघाच. भेटू पुढच्या भागात!