पेठेचं पाणी

श्रावण सरत आला की आपल्या पेठांमधून, गल्ल्यांमधून मंडळांच्या बैठका सुरू होतात. मांडव कुठं घालायचा, वर्गणी किती धरायची, देखावा कोणता करायचा. त्याच बैठकीत कुणीतरी हळूच म्हणतं, 'जरा त्या विहिरीचंही बघा की, कचरा साठलाय.' त्यावर 'बघू' असं ठरतं आणि विषय पुढं सरकतो. आज आम्ही त्या 'बघू'वर थोडं थांबणार आहोत. सातारा आणि सांगली या दोन गावांचा इतिहास आपण राजांच्या आणि लढायांच्या बाजूनं बऱ्याचदा ऐकला आहे. आज तो पाणवठ्याच्या बाजूनं ऐकू या. पाणी भरणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम, त्यामुळं हा इतिहास आपल्याच डोक्यावरून आणि कमरेवरून गेलेला आहे.

आधी सातारा घेऊ. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याच्या किल्ल्यावर झाला. पुढं राजधानी किल्ल्याच्या पायथ्याशी वसली आणि पेठा उभ्या राहिल्या. मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशा नावांच्या पेठा. गाव डोंगराच्या उतारावर. कृष्णा आणि वेण्णा माहुलीला मिळतात, पण तिथून हंडा भरून रोज पेठेत आणणं कुणालाच जमणारं नव्हतं. म्हणून साताऱ्याला पाणी डोंगराकडून आणावं लागलं. यवतेश्वराच्या बाजूचं पाणी खापरी नळांनी खाली गावात आणायचं, हौदात आणि तळ्यात साठवायचं, आणि जिथं जमीन साथ देईल तिथं विहीर खणायची, अशी ती व्यवस्था. शुक्रवार पेठेतली बाजीराव विहीर, मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं, यवतेश्वराच्या पायथ्याचं महादरे तळं ही सगळी त्याच गरजेतून आलेली नावं आहेत. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला मोटेची गरज नव्हती. उतारच ते पुढं ढकलत होता.

साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी सहलीला जाऊन आल्या असतील. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शके १६४१ ते १६४६ असा, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ असा तिचा काळ सांगितला जातो. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, आणि वर छोटा महालच. महालाचं कौतुक सगळे करतात. आम्हांला कौतुक वाटतं ते मोटांचं. एका वेळी इतक्या मोटा चालायच्या तर त्यामागं बैल हवेत, नाडे हवेत, मोटेचं चामडं शिवणारे हात हवेत, पाट धरणारी माणसं हवीत. बांधणारीचं नाव इतिहासात राहिलं, हे चांगलंच झालं. चालवणाऱ्यांची नावं मात्र कुठं कोरलेली नाहीत. सार्वजनिक कामाचं हे पहिलं सूत्र लक्षात ठेवा. बांधकामाला एकदा पैसा लागतो. चालवायला रोज माणूस लागतो.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत साताऱ्याच्या रस्त्यांकडं, पाण्याकडं आणि शिक्षणाकडं लक्ष दिलं गेलं. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि १८४८ साली राज्यच खालसा केलं. त्यानंतर १८५३ साली सातारा नगरपालिका झाली. आता हौदाची आणि गटाराची जबाबदारी वाड्याकडून कचेरीकडं गेली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कासचं तळं बांधून तिथलं पाणी पाटानं साताऱ्याला आणलं. सुमारे २५ किलोमीटरचं अंतर, आणि पुन्हा तीच उताराची युक्ती. पंपाशिवाय पाणी गावात. अलीकडं कासच्या धरणाची उंची वाढवली, पण साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पेठा आजही त्याच जुन्या विचाराच्या पाण्यावर स्वयंपाक करतात.

इथवरचा इतिहास ऐकायला गोड आहे. आता त्याची दुसरी बाजू.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव घातलं गेलं. शाळा राजवाड्यात भरत होती, आज आपण तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो. तो मुलगा म्हणजे भीमराव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं आपल्या आठवणींत या शाळेतल्या पाण्याबद्दल लिहून ठेवलंय. शाळेत नळ होता. इतर मुलं तहान लागली की जाऊन पाणी पीत. त्यांना मात्र नळाला हात लावता येत नसे. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला, तर तहानलेलंच बसायचं. बसायला घरून आणलेलं गोणपाट. घरचे कपडे बहीण धुई आणि भावंडांचे केसही मोठी बहीणच कापी, कारण पैसे द्यायची तयारी असूनही परीट आणि न्हावी त्यांचं काम घेत नसत.

१९०१ साली ही मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात सरकारी तलावाच्या कामावर खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो तलाव खणला जात होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर या मुलांची जात कळली आणि कुणी गाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतःच हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली. बरोबर शिदोरी होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. म्हणून अन्न असून मुलं उपाशी झोपली. जरा विचार करा बायांनो. वडील तलावाच्या कामावर, आणि त्यांच्या लेकरांना त्याच जिल्ह्यात घोटभर पाणी नाही. तळं किती खोल आहे याचं माप इंजिनियर सांगेल. तळं किती सार्वजनिक आहे, हे त्या मुलांच्या तहानेवरून कळतं.

या प्रश्नाला उत्तर द्यायची सुरुवात आपल्याच मुलखातल्या माणसांनी केली होती. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आणि सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. या दोघांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्यासाठी त्यांनी सभा भरवली नाही, समिती नेमली नाही. स्वतःच्या दारातला हौद दिला. हौद दारात म्हणजे रोजचा बोलणा शेजाऱ्यांकडून बाईनंच ऐकायचा, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढं १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला, पण पाणी मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. १९५० साली आलेल्या राज्यघटनेनं विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख केला आणि तिथं कुणाला अडवता येणार नाही असं लिहिलं. तरीही १९७२ च्या सुमारास बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावं लागलं. ठराव, कायदा आणि घागर यांच्यात इतकं अंतर असतं.

हे अंतर कमी कसं होतं, याचं एक उदाहरण साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण दागिन्यांइतकंच मोठं होतं ते त्यांचं रोजचं काम. कुणाचं लेकरू आहे हे न विचारता ताट वाढायचं. एकाच घरात, एकाच पाण्यावर. त्या १९३० साली गेल्या. कायदा यायला अजून वीस वर्षं होती, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तो आधीच चालू झाला होता.

आता सांगलीकडं येऊ. साताऱ्याला पाणी आणावं लागलं. सांगलीला ते न बोलावता येतं. कृष्णेच्या काठावर वसलेलं हे संस्थानाचं गाव. पटवर्धनांनी गणपतीचं मंदिर नदीकाठी बांधलं. तिथं चतुर्थीच्या आधीच गुपचूप येऊन बसणाऱ्या चोर गणपतीची प्रथा आजही आहे. १९२९ साली आयर्विन पूल खुला झाला आणि पावसाळ्यातही सांगलीवाडीशी गावाचा संबंध टिकू लागला. आज त्या पुलावरचं माप म्हणजे गावाची नाडी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. हरिपूर भागातल्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं ते त्याच पुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. गेलेल्यांत बायका आणि मुलं जास्त होती.

महापुराचं एक दुःख बाहेरच्यांना पटकन कळत नाही. गावभर पाणी असतं, पण नळाला पाणी नसतं. नदीतून पाणी उचलणारी यंत्रणाच बुडते. मग छातीभर पाण्यातून माणसं प्यायच्या पाण्याचा कॅन शोधत फिरतात. अशा वेळी कोणत्या घरात कोण आहे हे गल्लीला ठाऊक असतं. कुठल्या माडीवर म्हातारी अडकली आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाला साखरेचं औषध लागतं, हे कचेरीच्या यादीत नसतं. ते शेजारणीच्या डोक्यात असतं. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते. घरांतला चिखल अजून निघायचा होता. ठिकठिकाणच्या मंडळांनी रोषणाई आणि मिरवणुका आवरत्या घेतल्या आणि वर्गणीचा पैसा पूरग्रस्तांकडं वळवला. मांडव उभा करणारे हात, वर्गणीची वही आणि घरोघरची ओळख या तीन गोष्टी मंडळाकडं आधीपासून होत्या, म्हणून मदत भराभर पोचली. उत्सवाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आणि उत्सवाचं कौतुक करणाऱ्यांनी दुसरंही लक्षात घ्यावं. साताऱ्याच्या ज्या तळ्यांनी पेठांना पाणी दिलं, त्याच तळ्यांत आपण वर्षानुवर्षं प्लास्टरच्या मूर्ती आणि निर्माल्य सोडलं. २०१० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं विसर्जनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कृत्रिम तळी, निर्माल्य कलश, शाडूच्या मूर्ती हे शब्द त्यानंतर आपल्या बैठकांत रुळले. काहींना हा धर्मात हस्तक्षेप वाटतो. आम्हांला वाटतं, पूर्वी सणाआधी विहिरीचा गाळ काढणं, आड उपसणं हा सणाचाच भाग असे. देवाला स्वच्छ पाणी हवं म्हणून माणसांनाही ते मिळे. नळ आले तशी विहीर विस्मरणात गेली, आणि विस्मरणात गेली म्हणून उकिरडा झाली. गाळ काढण्याचं काम परत उत्सवाच्या यादीत घालणं म्हणजे नवं काहीच नाही, जुन्या चालीकडं जाणं आहे.

२०११ पासून महाराष्ट्रात नगरपालिका आणि महापालिकांमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण मंडळाच्या कार्यकारिणीत? तिथं हळदीकुंकवाच्या आणि रांगोळी स्पर्धेच्या दिवशी आपली आठवण होते. वर्गणीचा हिशेब ठरताना सहसा होत नाही. पाण्याचा इतिहास मात्र सांगतो की ज्यानं रोज पाणी भरलं नाही, त्याला तोटी कुठं बसवावी हे कळत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. यंदाच्या बैठकीला जा, आणि मागं बसू नका. तीन गोष्टी विचारा. आपल्या पेठेतली विहीर किंवा तळं शेवटचं कधी उपसलं? वर्गणीतला किती पैसा वर्षभर टिकणाऱ्या कामाला जाणार? आणि आपल्या पेठेच्या टोकाला, जिथं नळाला धार बारीक येते, तिथल्या घरातलं कुणी या बैठकीला बोलावलंय का? तिसरा प्रश्न विसरू नका. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी पेठ सुधारेल, पण तिसऱ्याचं मिळालं तरच ती सगळ्यांची होईल.

तुमच्या बैठकीत काय झालं ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या भागात ते आपण सगळ्याजणी मिळून ऐकू.