केबलींच्या जुडीची कुळकथा

दोन स्विचमध्ये एकाऐवजी दोन केबल जोडल्या की वेग दुप्पट होईल, असं कुणालाही वाटेल. तलासरीत महामार्गालगत कारखाना चालवणाऱ्याला वाटेल, तसंच डहाणूत शाळेची संगणक खोली सांभाळणाऱ्यालाही. प्रत्यक्षात स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये दुसरी केबल खोचली, तर काही क्षणांत सगळं जाळं ठप्प होतं. चांगल्या स्विचमध्ये खोचली, तर ती नुसतीच लोंबकळत राहते. याचं कारण या जुडीच्या कुळात आहे.

१९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळ्या यंत्रांना मिळून एकच तार होती. दुसऱ्या वाटेचा प्रश्नच नव्हता. म्हणून इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पुडक्याला, आयुष्यमर्यादाही दिली गेली नाही. पुढे जाळी एकमेकांना जोडली जाऊ लागली आणि दोन वाटांचं वर्तुळ झालं, की फ्रेम त्यात फिरतच राहू लागली. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रेडिया पर्लमन यांनी यावर तोड काढली, ती स्पॅनिंग ट्री. जादा वाट शोधायची, ती बंद ठेवायची आणि पहिली तुटली तरच उघडायची. अपघात टळला, पण विकत घेतलेली केबल रिकामी बसली.

हे खटकलं कल्पना या कंपनीला. या अमेरिकी कंपनीला तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव होतं. १९९० साली तिने सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. प्रत्येक पोर्ट १० मेगाबिटचा. स्विचच्या आत वेग भरपूर, पण दोन स्विचमधली केबलही १० मेगाबिटचीच, म्हणजे कोंडी तिथेच. १०० मेगाबिटचं प्रमाणित इथरनेट यायला १९९५ उजाडणार होतं. तोवर थांबण्यापेक्षा कल्पनाच्या लोकांनी अनेक पोर्टांची जुडी बांधली आणि स्पॅनिंग ट्रीला ती एकच केबल म्हणून दाखवली. हेच इथरचॅनेल. १९९४ मध्ये सिस्कोने कंपनी विकत घेतली आणि या कल्पनेवर सिस्कोचा शिक्का बसला. त्याच वर्षी नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या १६ संगणकांचा बेवुल्फ संच उभा केला. त्यासाठी बेकर यांनी लिनक्सवर जुडी बांधली. त्यांची रीत वेगळी होती: एक पॅकेट या केबलवरून, पुढचं त्या केबलवरून.

वाचायला बरी वाटते, पण या रीतीत पॅकेटं मागेपुढे पोहोचतात. म्हणून स्विच बनवणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यावरून गणित मांडायचं आणि एक संभाषण कायम एकाच केबलवर ठेवायचं. विरार-डहाणू रोड मार्गाचं चौपदरीकरण पूर्ण झालं की गाड्या जास्त सोडता येतील, पण एखादी लोकल चार रुळांवर वाटून धावणार नाही. जुडीचंही तसंच. एकच मोठी फाइल पाठवून वेग मोजणाऱ्याला एका केबलचाच वेग दिसतो. हा बिघाड नाही. सगळी वाहतूक एकाच राउटरकडे जात असेल आणि गणित मॅक पत्त्यावर लावलं असेल, तर तिचा बराचसा भार एकाच केबलवर पडतो. तिथे आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक धरून गणित लावावं.

खरे बिघाड मात्र भाऊबंदकीतून येतात. प्रत्येक कंपनीने आपापली जुडी काढली, सिस्कोने दोन टोकांमधल्या बोलण्यांसाठी स्वतःचा प्रोटोकॉल आणला. शेवटी २००० साली आयईईईने ८०२.३एडी मानक ठरवलं आणि त्यातून एलएसीपी हा सगळ्यांसाठीचा प्रोटोकॉल आला. २००८ पासून तो ८०२.१एएक्समध्ये आहे. यात दोन्ही टोकं एकमेकांना ओळख देतात. पण दोन्ही टोकं ‘पॅसिव्ह’ ठेवली, तर पहिला शब्द कुणीच काढत नाही आणि जुडी बनत नाही. त्यातून, जुन्या एचपी स्विचवर ज्याला ‘ट्रंक’ म्हणतात ती ही जुडी, आणि सिस्कोवर ‘ट्रंक’ म्हणजे अनेक व्हीलॅन (आभासी जाळी) नेणारा पोर्ट. दोन कंपन्यांचे स्विच जोडताना इथेच माणूस फसतो.

जुडीचा सर्वांत फसवा प्रकार ‘ऑन’ या सेटिंगचा. त्यात बोलणीच नसतात. दोन शेडमध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर असेल, तर फायबर तुटलं तरी स्विचवरचा दिवा हिरवाच राहू शकतो. स्विच त्या मेलेल्या वाटेवर माल टाकत राहतो. मग काही कॅमेरे दिसतात, काही नाही. एक संगणक चालतो, शेजारचा अडकतो. अशी अर्धवट तक्रार आली की आधी जुडी तपासावी, विंडोज पुन्हा टाकत बसू नये. एलएसीपी असता तर संदेश थांबल्यावर त्याने ती केबल स्वतःच बाहेर काढली असती: संथ पद्धतीत ९० सेकंदांनी, वेगवान पद्धतीत ३ सेकंदांनी.

तुमच्या कार्यालयात किंवा कारखान्यात अशी जोडणी नव्याने झाली असेल, तर बिल चुकतं करण्याआधी ठेकेदाराला जुडीतली एकेक केबल काढून दाखवायला सांगा. मीडिया कन्व्हर्टर असेल, तर तांब्याची केबल नव्हे, मधलं फायबर काढायला सांगा. काम चालू राहिलं, तरच सही करा.