कोपनहेगनचे विरजण

दिवाळी अंकात बियरचा इतिहास, तोही एका मुख्याध्यापकाकडून! भुवया उंचावण्यापूर्वी सांगतो, मी ती कधी चाखलेली नाही. मला कुतूहल आहे ते तिच्या विरजणाचे, म्हणजे यीस्टचे.

लागर ही थंडीत सावकाश आंबणारी बियर. तिचे यीस्ट तळाशी बसते. १८४५ साली जे. सी. जेकबसेन यांनी ते म्युनिकहून कोपनहेगनला नेले. घोडागाडीच्या प्रत्येक मुक्कामी डब्यावर गार पाणी ओतत नेले, अशी आख्यायिका आहे.

पुढे त्यांच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातली बियर नासू लागली. चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळत होते. १८८३ साली तेथील प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकच पेशी वेगळी काढून तिचीच वाढ केली. (पीएच मोजपट्टी याच प्रयोगशाळेतली, सोरेनसेन यांची, १९०९ ची. आमची मुले ती घोकतात.) जेकबसेन यांनी हे शुद्ध विरजण दडवले नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही फुकट दिले. वाटीभर विरजणाचे पैसे शेजारीण तरी कुठे मागते?

त्या काळची एक बाटली अलीकडे तळघरात सापडली आणि आतले यीस्ट चक्क जिवंत निघाले! शास्त्रज्ञांनी ते वाढवले, जुन्या नोंदींवरून कृती जुळवली, लाकडी पिंपात बियर आंबवली आणि २०१६ साली कोपनहेगनात पाहुण्यांना चाखायला दिली. चवीविषयी मी काय बोलणार? इतिहासात एम. ए. करताना माझ्या वाट्याला मोडीतले कागद आले. असे जिवंत साधन काही हाती लागले नाही.