डिझेल, गंधक आणि सरहद्द

दक्षिण आशियातील देशांनी डिझेल वाहनांच्या धुरावर घातलेल्या मर्यादांचा इतिहास समजून घ्यायचा, तर प्रथम गंधकाकडे पाहावे लागते. कारण धुरातील काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रोखणारी उपकरणे गंधकयुक्त डिझेलमुळे निकामी होत जातात आणि मग मानक कितीही कडक असले तरी ते कागदावरच राहते.

भारतात डिझेल वाहनांसाठी वस्तुमानावर आधारित मानके, म्हणजे ठरावीक अंतरामागे किंवा ठरावीक कामामागे किती ग्रॅम प्रदूषक सोडता येईल याची मर्यादा, 1992 साली आली, तेव्हा डिझेलमध्ये एक टक्का, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, गंधक असणे ग्राह्य होते. खरी गती आली ती न्यायालयातून. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या 1985 च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 29 एप्रिल 1999 रोजी राजधानी क्षेत्रातील खासगी मोटारींसाठी जून 1999 पासून यूरो-1 आणि एप्रिल 2000 पासून यूरो-2 ही युरोपीय धर्तीची मानके सक्तीची केली, परंतु उर्वरित देश मागेच राहिला. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2002 च्या अहवालात देशभराचा टप्पेवार आराखडा मांडला, तोही मोठ्या शहरांना एक पायरी पुढे ठेवणाराच होता. परिणामी 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत यूरोच्या धर्तीवरील भारत स्टेज-4 (बीएस-4) हे मानक लागू झाले, तर इतरत्र बीएस-3 होते.

या द्विस्तरीय रचनेचा दोष ट्रकमध्ये उघड झाला. राष्ट्रीय परवान्याचा ट्रक मुंबईहून निघून वाटेतल्या कुठल्याही पंपावर टाकी भरत असे, आणि तिथे कमी गंधकाचे डिझेल मिळत नसल्याने त्याला शहरी मानक लावणे शक्यच नव्हते. सर्वाधिक धूर सोडणारे वाहन त्यामुळे सर्वात सैल नियमाखाली धावत राहिले. शहरांपुरती शुद्ध हवा विकत घेण्याचा हा विचार मुळातच चुकीचा होता, आणि त्याची किंमत महामार्गालगतच्या वस्त्यांनी श्वासातून मोजली. बीएस-4 देशभर लागू झाले ते थेट एप्रिल 2017 मध्ये, आणि त्याच्या तीनच दिवस आधी न्यायालयाने न विकलेल्या आठ लाखांहून अधिक बीएस-3 वाहनांच्या विक्रीस मज्जाव केला. पाचवा टप्पा गाळून 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आणताना मात्र गंधकाचे प्रमाण दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर देशभर उतरवण्यात आले, आणि डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली.

शेजारी देशांचे भवितव्यही इंधनाच्या उगमाशी बांधलेले दिसते. स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना नसलेल्या नेपाळने 1999 मध्ये काठमांडूतून डिझेलच्या तीनचाकी टेम्पोंना हद्दपार केले आणि नव्या वाहनांसाठी यूरो-1 च्या तोडीचे मानक स्वीकारले. तरीही त्याचे डिझेल भारतातून येत असल्याने तिथली पुढची वाटचाल भारतीय डेपोंतील दर्जावर अवलंबून राहिली, आणि 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही तेलवाहिनी सुरू झाल्यावर हे नाते अधिकच घट्ट झाले. श्रीलंकेचा सपुगस्कंदा येथील कारखाना 1969 पासूनचा, तर बांगलादेशाचा चितगाव येथील सरकारी कारखाना 1968 पासूनचा. अशा जुन्या यंत्रणेतून गंधक काढण्यासाठी प्रचंड भांडवल लागते. पाकिस्ताननेही 2020 पासून यूरो-5 दर्जाच्या इंधनाकडे वळताना सुरुवात केली ती आयात इंधनापासून.

शिवाय ही सारी मानके नव्या वाहनासाठी असतात. आधीच रस्त्यावर असलेल्या डिझेल वाहनाची भारतातील पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठीची) तपासणी केवळ धुराची अपारदर्शकता, म्हणजे धूर किती प्रकाश अडवतो, हे मोजते. डोळ्यांना न दिसणारी नायट्रोजनची ऑक्साइडे त्या मापात येतच नाहीत.