पासीघाट

पासीघाट हे भारताच्या अरुणाचल प्रदेश राज्यातील पूर्व सियांग जिल्ह्याचे मुख्यालय असून सियांग नदीच्या काठी वसलेले आहे. १९११ साली वसलेले हे शहर राज्यातील सर्वांत जुने शहर मानले जाते. आदी जमातीच्या 'पासी' या शाखेवरून त्यास हे नाव पडले.

तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपो म्हणून ओळखली जाणारी नदी अरुणाचलात सियांग होते. पासीघाटजवळ ती डोंगर सोडून मैदानात उतरते. पुढे दिबांग व लोहित या नद्यांना मिळाल्यावर तिला ब्रह्मपुत्रा हे नाव प्राप्त होते. त्सांगपो आणि सियांग एकच आहेत की काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात भूगोलतज्ज्ञांना दीर्घकाळ छळत होता. तो सोडविण्यासाठी किन्थुप या सिक्कीमच्या संशोधकाने तिबेटात गुलामगिरी सोसून, पुढे खुणा केलेले ५०० ओंडके दररोज ५० याप्रमाणे नदीत सोडले. त्याचा निरोप वेळेवर न पोचल्याने खालच्या बाजूस ते पाहण्यास कोणीही उभे नव्हते.

पाहुण्यास नदी जितकी रम्य वाटते, तितकी ती काठच्या लोकांना नेहमीच वाटत नाही. जून २००० मध्ये तिबेटातील यिगोंग येथे दरड कोसळून साचलेले पाणी एकाएकी फुटले आणि पासीघाट परिसराची मोठी हानी झाली. २०१७ च्या अखेरीस नदीचे पाणी काळपट गढूळ झाले होते. वरच्या खोऱ्यातील प्रस्तावित मोठ्या धरणास अनेक आदी गावांचा विरोध आहे. तेथील लोक नदीस 'आने सियांग' म्हणजे सियांग माता म्हणतात.

पर्यटन

शहराच्या दक्षिणेस, सियांगच्या बेटांवर पसरलेले डाइंग एरिंग स्मृती वन्यजीव अभयारण्य हे येथील प्रमुख आकर्षण होय. बेटांवर नावेनेच जावे लागते. गवताळ माळांवर बंगाली तणमोर हा दुर्मीळ पक्षी आढळतो. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी येतात. उत्तरेस पांगिन येथे सियोम नदी सियांगला मिळते. वाटेवरील केकर मोन्यिंग या कड्यापाशी १९११ च्या इंग्रज मोहिमेस आदी योद्ध्यांनी प्रतिकार केला होता. तूतिंग ते पासीघाट हा नदीतील राफ्टिंगचा मार्ग अनुभवी लोकांसाठीच आहे.

सप्टेंबरमध्ये आदींचा सोलुंग हा कृषिउत्सव साजरा होतो. त्यात पोनुंग नृत्य आणि तांदळाची आपोंग ही मद्यपेये असतात. तथापि तो पावसाळ्याचा काळ असल्याने रस्ते बंद पडण्याची शक्यता असते. प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

प्रवास

भारतीय नागरिकांना अरुणाचलात प्रवेशासाठी इनर लाइन परमिट आवश्यक आहे. ते ऑनलाइनही मिळते. परदेशी नागरिकांसाठी वेगळा परवाना लागतो. जवळचे रेल्वेस्थानक आसाममधील मुर्कोंगसेलेक आहे. दिब्रुगडहून येताना पूर्वी ब्रह्मपुत्रा फेरीबोटीने ओलांडावी लागे. डिसेंबर २०१८ मध्ये सुमारे ४.९४ किमी लांबीचा बोगीबील पूल खुला झाल्यापासून हा प्रवास सुकर झाला आहे.