सिंदखेडची लेक, राजगडावरची आजी

जालन्याहून मेहकरकडे निघालात की वाटेत सिंदखेडराजा लागतं. रस्त्याच्या कडेलाच लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दरवाजा. आत पाऊल टाका आणि सव्वाचारशे वर्षं मागे चला.

ट्रकचे हॉर्न थांबले, पागेतली घोडी खिंकाळतायत. सोयाबीन या शिवारानं अजून पाहिलेलं नाही. नजर जाईल तिथवर ज्वारी, हुरड्यावर आलेली. १२ जानेवारी १५९८, परंपरा सांगते ती पौष पौर्णिमा. आत लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई बाळंत झाल्यात, मुलगी झालीय, जिजाऊ. आजच्या सिंदखेडात या तारखेला मुंगीला वाट मिळत नाही, इतकी माणसं लोटतात. सगळ्यांना जन्मस्थान बघायचं असतं, आणि ते बघावंच. पण या मुलीचं काम इथून शेकडो मैल लांब व्हायचंय, तेव्हा फार रेंगाळू नका.

दौलताबाद, २५ जुलै १६२९. निजामशाहीच्या दरबाराबाहेरच थांबा, आतलं बघवणार नाही. लखुजीराव, त्यांची दोन मुलं आणि एक नातू, चौघांनाही कापून काढलंय. शिवबा शिवनेरीवर जन्मले ते १९ फेब्रुवारी १६३० ला. हिशेब तुम्हीच करा: बापाच्या खुनाची बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. माहेर एका दिवसात बुडालं, आणि पुढची दोन वर्षं दुष्काळानं दख्खन उजाड केली.

पुण्यात या. जाळून टाकलेला कसबा, पडकी घरं, ओस रानं. सोन्याच्या नांगराची गोष्ट तुम्हाला पाठ असेलच, पण नांगर एकदा फिरवला की छायाचित्रापुरता सोहळा संपतो. परागंदा झालेलं कूळ परत यायचं तर त्याला साऱ्यात सूट हवी, बियाणं हवं, बैल हवा, माजलेल्या लांडग्यांचा बंदोबस्त हवा. हे वर्षानुवर्षांचं खातं. कसबा गणपतीचं देऊळ उभं राहतंय, आणि इकडे वतनाचे तंटे आऊसाहेबांसमोर येतायत. त्यांच्या नावची पत्रं आजही वाचायला मिळतात.

आता मात्र बसा. राजगड, ५ सप्टेंबर १६५९.

शिवरायांच्या पत्नी सईबाई गेल्या. संभाजीला अजून अडीच वर्षंही झालेली नाहीत. या वयाच्या पोराला मरण कळत नाही, आई उठत का नाही एवढंच कळतं. दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ आधीच आलेली आहे. आणि आजी? एकसष्ट वर्षांची. थोरला मुलगा कनकगिरीच्या लढाईत पडलाय, त्याचंच नाव या नातवाला ठेवलंय. ‘संभाजी’ अशी हाक मारताना दर वेळी काय होत असेल, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्यात अफजलखान चालून आलाय. सून जाऊन दोन महिने होतात तोच, १० नोव्हेंबरला, मुलगा प्रतापगडाखाली खानाला भेटायला उभा आहे. तुम्ही राजगडावर आहात, खबर अजून यायचीय. पोराला भूक लागली की त्याला कोण खान आणि कसला गड! घास भरवावाच लागतो. आजीला मोकळेपणानं काळजी करायलाही सवड नाही. आपल्याकडे आईपणाचे पोवाडे खूप झाले. साठीनंतर दुसऱ्यांदा आई व्हावं लागणाऱ्या बाईकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

२३ जानेवारी १६६४ ला होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून पती शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या, शिवरायांनी परोपरीनं विनवून थांबवलं. थांबल्या, हे फार बरं झालं. कारण दोनच वर्षांनी, १६६६ च्या मार्चमध्ये, मुलगा आणि नऊ वर्षांचाही न झालेला नातू, दोघेही आग्र्याच्या वाटेला लागले. राज्य आऊसाहेबांच्या हवाली. कारभारी हाताशी होते, पण शेवटचा शब्द अडुसष्ट वर्षांच्या बाईचा. १७ ऑगस्टला राजे आग्र्याच्या कैदेतून निसटले. नातवाला मात्र मथुरेत ठेवून यावं लागलं. शत्रूला चकवायला पोर वाटेत दगावल्याची आवई उठवली, असं सांगतात. संभाजी सुखरूप पोहोचेपर्यंत ही आवई कानावर घेत आजीनं दिवस कसे ढकलले असतील?

शेवटी पाचाडला उतरा. वरची हवा आऊसाहेबांना सोसत नाही म्हणून रायगडाच्या पायथ्याशी वाडा बांधलाय. इथल्या एका विहिरीला टेकून बसायची दगडी जागा आहे. तिला तक्क्याची विहीर म्हणतात, आणि आऊसाहेब तिथे बसायच्या असंही सांगतात. ६ जून १६७४, गडावर राज्याभिषेक. अकरा दिवसांनी, १७ जूनला, शहात्तर वर्षांच्या जिजाऊ पाचाडात गेल्या. संभाजी तेव्हा सतरा वर्षांचा, धाकटा राजाराम चार.

पुढे राजघराण्यात तेढ वाढत गेली. १६७८ च्या डिसेंबरात संभाजी मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाला आणि वर्षभरानं परतला. त्यामागे राजकारण होतं, राजारामाच्या आई सोयराबाई होत्या, कारभारी होते. ग्रंथांतून सगळी कारणं सापडतील. आजी असती तर बापलेक दोघांनाही समोर बसवून दरडावलं असतं, हे कारण मात्र कुठल्याच ग्रंथात नाही, तरी माझा त्यावर विश्वास आहे.