वनस्पतिजन्य तंतूंचे पूर्वसंस्करण (इंधन-एथॅनॉलासाठी)

लाकूड, गवत, भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या यांसारख्या तंतुमय पदार्थांतील शर्करा मोकळ्या होऊन किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) त्यांपासून एथिल अल्कोहॉल (एथॅनॉल) तयार करता यावे, यासाठी त्या पदार्थांवर आधी जे यांत्रिक, औष्णिक वा रासायनिक संस्कार करतात त्यांस पूर्वसंस्करण असे म्हणतात. उसाचा रस व मळी यांतील शर्करा यीस्टला सरळ उपलब्ध असतात. धान्यातील स्टार्चाचे विच्छेदनही सौम्य परिस्थितीत होते. तंतूंतील शर्करा मात्र वनस्पतीच्या कोशिकाभित्तीत (पेशीच्या भिंतीत) जखडलेल्या असतात. त्या मोकळ्या करण्याचा प्रश्न सु. दोनशे वर्षे रसायनशास्त्रज्ञांपुढे आहे आणि या इंधनाचे आर्थिक भवितव्य पुष्कळ अंशी त्याच प्रश्नावर अवलंबून राहिले आहे.

तंतूंची रचना : शुष्क तंतुमय पदार्थात सर्वसाधारणपणे ३५ ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३५ टक्के अर्धसेल्युलोज (हेमिसेल्युलोज) व १० ते ३० टक्के लिग्निन असते. सेल्युलोज हे ग्लुकोजाचे सरळ साखळीचे बहुवारिक (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेला मोठा रेणू असलेले संयुग) होय. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींस घट्ट बांधलेल्या असून त्यांचे पुष्कळसे भाग स्फटिकी असतात. पाणी व एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणारी प्रथिने) त्यांत सहजी शिरू शकत नाहीत. अर्धसेल्युलोजात झायलोजासारख्या पंच-कार्बनी शर्करा विपुल असून ते तुलनेने लवकर विच्छेदित होते. लिग्निन हे शर्करा नसलेले, गुंतागुंतीच्या रचनेचे द्रव्य असून ते या दोहोंना वेढून राहते. वृक्षाला ताठ उभे ठेवणारी व कवकांपासून (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित जीवांपासून) त्याचे रक्षण करणारी ही रचना इंधननिर्मितीच्या आड येते.

सिद्धांतानुसार १ टन शुद्ध सेल्युलोजापासून सु. १·११ टन ग्लुकोज व त्यापासून सु. ७२० लि. एथॅनॉल मिळावयास हवे. प्रत्यक्षात किती मिळेल, हे कोशिकाभित्ती किती खुली झाली आणि ती खुली करताना किती शर्करा नष्ट झाल्या, यांवर ठरते. पूर्वसंस्करणाचा सर्व इतिहास म्हणजे या दोन गोष्टींचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

प्रारंभ : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकॉनो यांनी १८१९ मध्ये तागी (लिननच्या) चिंध्या व लाकूड यांवर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करून त्यांपासून शर्करा मिळविली. टाकाऊ चिंधीपासून साखर होते, ही गोष्ट त्या काळी आश्चर्याची ठरली. पुढे १८३८ मध्ये आंसेल्म पायेन यांनी निरनिराळ्या वनस्पतींच्या कोशिकाभित्तींतून एकाच संघटनाचा पदार्थ वेगळा केला. त्यासच सेल्युलोज हे नाव मिळाले. लाकडापासून अल्कोहॉल मिळविता येईल, हे यावरून दिसून आले. तथापि औद्योगिक प्रयत्नांस सुरुवात होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

विरल अम्लाच्या पद्धती : जर्मनीमध्ये १८९८ च्या सुमारास विरल सल्फ्यूरिक अम्ल व उच्च तापमान वापरून लाकडाच्या भुशापासून अल्कोहॉल मिळविण्याचा प्रयत्न झाला. टनामागे सु. ७५ लि. एवढेच उत्पादन मिळाले. त्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जॉर्जटाउन (दक्षिण कॅरोलायना) आणि फुलर्टन (लुइझिॲना) येथे लाकूड-गिरण्यांतील टाकाऊ भुशावर चालणारे दोन कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिणेकडील लाकूड-उत्पादन घटून भुसा दुर्मिळ झाला व मळीपासूनच्या स्वस्त अल्कोहॉलाशी स्पर्धाही करावी लागली. त्यामुळे दोन्ही कारखाने बंद पडले.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. ज्या उष्णतेने व अम्लाने सेल्युलोजाचे विच्छेदन होते, त्यांच्याच योगाने मुक्त झालेल्या ग्लुकोजाचाही नाश होतो. विक्रिया अपुरी ठेवल्यास सेल्युलोज शिल्लक राहते आणि लांबविल्यास शर्करा जळून जाते. हाइन्रिख शोलर यांनी यावर दोन महायुद्धांच्या दरम्यान उपाय शोधला. त्यांनी लाकडाचे तुकडे उंच पात्रांत दाबून भरले व त्यांतून अर्ध्या टक्क्याच्या आसपास संहतीचे (विद्रावातील प्रमाणाचे) उष्ण अम्ल टप्प्याटप्प्याने झिरपत नेले. तयार झालेली शर्करा लगेच बाहेर वाहून जात असल्याने तिचा नाश कमी झाला आणि उत्पादन टनामागे सु. २०० लि. पर्यंत वाढले. टॉर्नेश या गावावरून ही पद्धत शोलर-टॉर्नेश पद्धत म्हणून ओळखली जाते. स्वित्झर्लंडमधील एम्स येथे याच पद्धतीचा कारखाना १९४१ मध्ये सुरू झाला. युद्धकाळात खनिज तेलाची आयात आटल्याने तेथील अल्कोहॉल मोटारींच्या इंधनात मिसळले जाई. लोक त्यास ‘एम्सचे पाणी’ म्हणत. युद्धानंतर शासकीय साहाय्य चालू ठेवावे की नाही, हा प्रश्न जनमतासाठी मांडण्यात आला आणि १९५६ मध्ये स्विस मतदारांनी ते नाकारले. कारखान्याला पुढे कृत्रिम धाग्यांच्या रसायनांकडे वळावे लागले.

संहत अम्लाची पद्धत : ४० टक्क्यांहून अधिक संहतीच्या हायड्रोक्लोरिक अम्लात सेल्युलोज थंड अवस्थेतच विरघळते, असे रिखार्ट व्हिल्श्टेटर व लास्लो झेख्माइस्टर यांनी १९१३ मध्ये दाखविले. तापमान कमी असल्याने शर्करेचा नाश जवळजवळ होत नाही. या तत्त्वावर फ्रीड्रिख बेर्गियूस (१९३१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) यांनी औद्योगिक पद्धत बसविली व मॅनहाइमजवळ राइनाऊ येथे कारखाना चालविला. उत्पादन उत्तम होते. परंतु अम्ल जवळजवळ पूर्णपणे परत मिळविल्याशिवाय ते परवडत नसे आणि अम्लामुळे यंत्रसामग्री गंजत असे. जर्मनीच्या स्वयंपूर्णतेच्या युद्धकालीन धोरणाबाहेर ही पद्धत टिकली नाही.

अमेरिकेतील मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने दुसऱ्या महायुद्धात शोलर पद्धत सुधारून तिचा कालावधी पुष्कळ कमी केला. त्यानुसार स्प्रिंगफील्ड (ऑरेगन) येथे बांधलेला कारखाना युद्ध संपेपर्यंत पूर्ण झाला नाही व नंतरही थोडाच काळ चालला. केवळ सोव्हिएट रशियात विरल अम्लाचा उद्योग दीर्घकाळ टिकला. तेथे लाकडाबरोबर मक्याची बुरकुंडे व सूर्यफुलाची टरफले वापरून अल्कोहॉल, पशुखाद्याचे यीस्ट व फुरफुराल ही उत्पादने एकत्र घेतली जात. नियोजित अर्थव्यवस्थेत किंमतीची स्पर्धा नसल्याने हे शक्य झाले. १९९१ नंतर हा उद्योगही ओसरला.

इतर उद्योगांतून आलेल्या पद्धती : पूर्वसंस्करणाच्या आजच्या कित्येक पद्धती मुळात इंधनासाठी शोधलेल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चाऱ्याची टंचाई झाली, तेव्हा एर्न्स्ट बेकमान यांनी पेंढा सौम्य दाहक सोड्यात (सोडियम हायड्रॉक्साइडात) भिजवून तो जनावरांना पचण्याजोगा केला. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूंना जी अडचण येते तीच कारखान्यातील एंझाइमांना येत असल्याने क्षारीय संस्करणाचा हा धडा पुढे उपयोगी पडला. लॉरेल (मिसिसिपी) येथील विल्यम मेसन यांनी १९२० नंतरच्या दशकात लाकडाच्या चिपा सु. ७० वातावरणे दाबापर्यंतच्या वाफेत ठेवून दाब एकाएकी मोकळा केला. त्यामुळे लाकूड फुटून तंतू सुटे झाले. हे तंतू ते कठीण तक्ते बनविण्यासाठी वापरीत. बाष्पस्फोट या नावाने ही पद्धत पन्नास वर्षांनी एथॅनॉलाच्या क्षेत्रात आली.

एंझाइमे : दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू व इतर कापडी सामान उष्ण व दमट हवेत झपाट्याने कुजू लागले. कारणांचा शोध घेताना एक कवक हाती लागले. ते सेल्युलोज पचविणारी एंझाइमे मोठ्या प्रमाणात स्रवते, असे एल्विन रीस व मेरी मँडेल्स यांच्या नॅटिक (मॅसॅचूसेट्स) येथील लष्करी प्रयोगशाळेतील संशोधनातून सिद्ध झाले. १९७७ मध्ये रीस यांच्या सन्मानार्थ त्यास ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव देण्यात आले. कापड वाचविण्यासाठी सुरू झालेले संशोधन अशा रीतीने कापडाचीच साखर करण्याकडे वळले.

यामुळे पूर्वसंस्करणाचा अर्थच बदलला. पूर्वी विच्छेदनाचे सर्व काम अम्ल करी. आता शेवटचे काम एंझाइमे सु. ५० से. तापमानाला, शर्करेचा नाश न करता, करू लागली. पूर्वसंस्करणाकडे केवळ त्यांना वाट करून देण्याचे काम उरले. नॅटिक येथे प्रथम गोळ्यांच्या चक्कीत तंतू अत्यंत बारीक दळून पाहिले. एंझाइमांची क्रिया वाढली, पण दळण्यास लागणारी ऊर्जा परवडण्यासारखी नव्हती.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर संशोधनास वेग आला. सौम्य अम्ल व वाफ यांनी अर्धसेल्युलोज काढून टाकणे, बाष्पस्फोट, दाबाखालील द्रवरूप अमोनिया एकाएकी मोकळा करून तंतू फुलविणे, क्षाराने लिग्निन विरघळविणे आणि अल्कोहॉलासारख्या कार्बनी विद्रावकाने ते वेगळे करणे, या पद्धती मुख्य ठरल्या. सर्व कच्च्या मालांना सोयीची अशी एकच पद्धत मात्र आढळली नाही. पेंढ्याला मानवणारा अमोनिया देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडावर फारसा चालत नाही.

पूर्वसंस्करणातून काही अनिष्ट पदार्थही निर्माण होतात. पंच-कार्बनी शर्करांपासून फुरफुराल, षट्-कार्बनी शर्करांपासून हायड्रॉक्सिमिथिल फुरफुराल आणि अर्धसेल्युलोजापासून ॲसिटिक अम्ल तयार होऊन ती यीस्टच्या वाढीस अडथळा आणतात. शिवाय सामान्य यीस्टला झायलोज आंबविता येत नाही. म्हणजे मोठ्या कष्टाने सोडविलेल्या शर्करांपैकी मोठा भाग वाया जातो. फ्लॉरिडा विद्यापीठातील लॉनी इंग्रम यांनी दुसऱ्या एका जंतूची जनुके एश्चेरिकिया कोलाय या जंतूत घालून ही अडचण दूर केली. या शोधास १९९१ मध्ये अमेरिकेचे ५०,००,००० या क्रमांकाचे एकस्व (पेटंट) मिळाले.

मोठे कारखाने : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पहिले मोठे व्यापारी कारखाने सुरू झाले : क्रेशेंतीनो (इटली, २०१३), एमेट्सबर्ग (आयोवा, २०१४), ह्यूगोटन (कॅन्सास, २०१४) व नेव्हाडा (आयोवा, २०१५). २०२० पर्यंत या चारही ठिकाणचे उत्पादन थांबले होते. यांपैकी क्रेशेंतीनोचा कारखाना नव्या मालकाने २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला. खनिज तेलाच्या उतरलेल्या किंमती व मालक कंपन्यांच्या अडचणी ही अपयशाची कारणे होतीच. तथापि प्रयोगशाळेत न जाणवलेली एक गोष्टही पुढे आली. शेतातून आलेल्या गठ्ठ्यांत माती व वाळू असते, ओलावा कमीजास्त असतो आणि हलका, लांब धाग्यांचा माल उच्च दाबाच्या पात्रात अखंड ढकलताना यंत्रे अडतात व झिजतात. ब्राझीलमध्ये चिपाडावर चालणारे कारखाने साखर कारखान्यांना जोडूनच उभारण्यात आले. तेथे कच्चा माल एकाच जागी गोळा झालेला असतो, हा त्यांचा मोठा फायदा होय.

भारत : भारतात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील जैव ऊर्जा केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीचा प्रायोगिक कारखाना काशीपूर (उत्तराखंड) येथे २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ मध्ये दौंड तालुक्यात (जि. पुणे) आपल्या पद्धतीचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले. त्याच तंत्राने इंडियन ऑइलचा पानिपत (हरयाणा) येथील कारखाना बांधला असून त्याचे उद्‌घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. वर्षाला सु. २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सु. ३ कोटी लि. एथॅनॉल मिळविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. पेंढा शेतातच जाळल्याने उत्तर भारतात होणारे हवेचे प्रदूषण कमी करणे हाही त्यामागील हेतू आहे. देशात पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एथॅनॉल मात्र बहुतांशी ऊस व धान्य यांपासूनच येते.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. तंतूंपासून अल्कोहॉल होते की नाही, हा प्रश्न १८१९ मध्येच सुटला होता; ते किती खर्चात होते हा प्रश्न मात्र युद्ध, टंचाई वा शासकीय साहाय्य यांच्या आधाराविना क्वचितच सुटला. दुसरी गोष्ट ‘टाकाऊ’ या शब्दाविषयीची. पंजाब-हरयाणात जाळला जाणारा पेंढा टाकाऊ असेल; परंतु महाराष्ट्रातील ज्वारीचा कडबा हा गुरांचा चारा आहे आणि साखर कारखान्यातील चिपाड हे तेथील बाष्पित्राचे (बॉयलरचे) इंधन आहे. पऱ्हाट्याही अनेक घरांत चुलीत जळतात. तंतूंतील शर्करा मोकळी करण्याची पद्धत कितीही सुधारली, तरी तो तंतू आज कोणाच्या उपयोगी पडतो, याचा हिशेब आधी करावा लागतो. इंधन व अन्न यांतील स्पर्धा टाळणे हेच या इंधनाचे मुख्य समर्थन आहे. ते खरे ठरावयाचे, तर इंधन व चारा यांतील स्पर्धाही टाळावी लागेल.